तेवढं त्याला पटवून द्या, मॅडम

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघांनी मला हेच वाक्य ऐकवलं. एक निवृत्त शिक्षक, मुलीसाठी आलेले. एक बाई, नवऱ्यासाठी. आणि एक थोरला भाऊ, जो दाराशी चपला काढता काढताच म्हणाला, "मॅडम, ते आवाज खरे नाहीत हे तेवढं त्याला पटवून द्या. बाकी आमचं काही म्हणणं नाही." कराडात समुपदेशन करत मला २२ वर्षं झाली. ज्या घरात कुणाला कानात आवाज येतात, कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटतं, डॉक्टर ज्याला सायकोसिस म्हणतात, त्या घरांची मागणी काही बदललेली नाही. डॉक्टरांनी गोळ्या द्यायच्या आणि मी पटवून द्यायचं. पूर्वी मी कंबर कसून पटवायलाच बसायचे. आता बसत नाही. ते का, हे अविनाशच्या निमित्तानं सांगते.

अविनाश हे त्याचं खरं नाव नाही. दोन-तीन जणांचे तपशील यात मिसळलेत, घर-गाव बदललंय. तो वायरमन होता, एवढं मात्र तसंच ठेवलंय, त्याला विचारून. त्याशिवाय ही गोष्ट सांगताच येणार नाही.

तो २६ वर्षांचा. वडील एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. आयटीआय करून पोरगा एका कंत्राटदाराकडे बंगल्यांच्या फिटिंगला जायचा. एका साइटवर मीटरबोर्ड जळाला. चूक कुणाची ते ठरलं नाही, पण कंत्राटदार सगळ्यांदेखत ह्याच्यावर ओरडला. तीनेक महिन्यांनी स्विचबोर्डातून आवाज यायला लागला. पुरुषाचा, जाडाभरडा. "हात लावशील तिथं जाळशील." (त्या ओरडण्यामुळेच आजार झाला, असं मी म्हणत नाही. आनुवंशिकता, मेंदूतली रसायनं, झोपेचं खोबरं, काहींच्या बाबतीत गांजा, अशा बऱ्याच गोष्टी एकत्र येतात. पण आवाज काय बोलतो, ते बहुतेक वेळा आयुष्यातूनच आलेलं असतं.)

आधी बाहेरचं बघून झालं, मग मानसोपचारतज्ज्ञ, मग दवाखान्यात तीन आठवडे. गोळ्यांनी फरक पडला. ओरडणारा आवाज पुटपुटण्यावर आला, पण गेला नाही. माझ्याकडे आला तेव्हा दोन वर्षं झाली होती. दिवसाचे १३-१४ तास तो अंथरुणात असायचा. पक्कड हातात धरली नव्हती. माडीवरच्या खोलीतल्या प्रत्येक स्विचबोर्डावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली. आई ती काढायची, हा परत लावायचा. टेपचे रोल संपले की आई आणायची नाही, मग वडील गुपचूप आणून द्यायचे.

माझी जडणघडण विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली आणि माझ्या पिढीतले आम्ही बरेच जण त्यावरच पोसलो. पुरावा काय, तर्काला धरून आहे का, हे विचारायची सवय हाडीमासी मुरलेली. चिंतेसाठी, रागासाठी मी आजही ती वापरते. तर त्या सवयीनं मी दुसऱ्याच भेटीत अविनाशला विचारलं, "तू स्वतः वायरमन. बोर्डात काय असतं तुला ठाऊक. माणूस बोलेल कसा त्यातून?"

त्यानं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाला, "तेच तर, मॅडम. आत काय असतंय ते तुमच्यापेक्षा मला जास्त माहितीय. तरी येतोय."

त्या दिवशी मी वहीत फक्त एवढंच लिहिलं: ह्याला माहीत आहे.

घरचे जे पटवून द्यायला सांगत होते, ते निम्म्याहून अधिक त्याला पटलेलंच होतं. सगळ्यांचं असं असतं असं नाही. काहींची खात्री दगडासारखी असते, आणि तिथे वाद घातला की दगड आणखी घट्ट बसतो, वर आपण त्यांच्या विरोधातल्या माणसांत जमा होतो. पण खात्री पक्की असो की डळमळीत, अडलेलं वेगळ्याच ठिकाणी असतं. अविनाशचा अख्खा दिवस आवाज थांबवण्यात जात होता. टेप लावणं, कानात बोळे, झोपून राहणं, साइटच्या रस्त्यानं न जाणं. आवाजाला जेवढं दार लावावं तेवढं घर लहान होत चाललं होतं. शेवटी उरली एक माडी.

याच सुमाराला मी स्वीकारावर आधारलेल्या उपचारपद्धतीकडे वळले होते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. विचार, भास, भीती यांना हाकलण्यात शक्ती घालवायची नाही. त्यांना असू द्यायचं, आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं त्या दिशेनं पाऊल टाकायचं. ऐकायला सोपं आहे. सायकोसिससाठी हे चालेल का, अशी मलाही शंका होती. २००२ मध्ये पॅट्रिशिया बाख आणि हेज यांनी दवाखान्यात दाखल असलेल्या ८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांशिवाय या पद्धतीच्या अवघ्या चार भेटी दिल्या होत्या. पुढच्या चार महिन्यांत त्यांचं परत दाखल होण्याचं प्रमाण इतरांच्या निम्मं होतं. मला त्यातली वेगळीच गोष्ट भावली. या लोकांनी आपले भास इतरांपेक्षा जास्त संख्येनं कबूल केले, पण त्यांवर विश्वास कमी ठेवला. म्हणजे आवाज होता, त्याचा हुकूम चालत नव्हता. पुढचे सगळे अभ्यास इतके झळझळीत नाहीत, हेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीत एकूण मानसिक स्थितीत ही पद्धत मैत्रीच्या साध्या गप्पांपेक्षा सरस ठरली नाही. जादूची कांडी म्हणून मी ती कुणाला विकत नाही. पण माझ्या हाताला ती बसली.

लगेच बसली असं मात्र नाही. या पद्धतीत बसचं एक रूपक फार वापरलं जातं. तुम्ही ड्रायव्हर, मागचे आरडाओरडा करणारे प्रवासी म्हणजे तुमचे विचार. त्यांच्याशी भांडायला गाडी थांबवायची नाही, चालवत राहायची. ड्रायव्हरच्या मुलासाठी याहून चांगलं काय मिळणार! मी खुशीत येऊन त्याची कराड-चिपळूण एसटी केली, कुंभार्ली घाट घातला, मागच्या बाकावरचा दारुडा घातला. अविनाशनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंडक्टर कुठाय?"

"म्हणजे?"

"पॅसेंजरकडं कंडक्टर बघतो, मॅडम. ड्रायव्हरला काय घेणं नसतंय. लई झालं तर बेल मारून खाली उतरवतो."

बाहेर बसलेल्या वडिलांना मी हे नंतर सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुस्तकातलं रूपक आपल्या एसटीत घातलं की त्याला कंडक्टर भेटतो, हा धडा मी तेव्हा घेतला. पुढे मी कुणालाच तयार रूपक दिलेलं नाही. ज्याचं त्याच्याकडे असतं.

त्याचं सापडलं ते सहाव्या की सातव्या भेटीत. ऑगस्ट होता, बाहेर धो धो पाऊस, दुपारीच अंधारलेलं. लाइट गेली, दहा मिनिटांनी आली. माझ्या खोलीतली ट्यूब दोनदा लुकलुकली, लागली, आणि नेहमीसारखी घूंऽऽ करायला लागली. अविनाश बोलायचा थांबला आणि वर पाहिलं.

"चोक वाजतोय."

"हो का? मला आता ऐकूच येत नाही तो. वर्षं झाली असतील."

"आतल्या पत्र्या ढिल्या झाल्यात."

"मग ट्यूब बिघडली म्हणायची का?"

"न्हाई. उजेड देतीया की."

इतकं बोलून तो गप्प झाला. मीही गप्प झाले. माझ्या जिभेवर चार वाक्यं तयार होती, आणि ती गिळणं हे त्या दिवसातलं माझं सगळ्यात अवघड काम होतं. या पेशात बोलायला मी दोन वर्षांत शिकले, गप्प बसायला दहा लागली. पाऊस वाजत होता, चोक वाजत होता. तो ट्यूबकडे बघत होता, मग टेबलाकडे, मग स्वतःच्या हातांकडे.

"वाजतोय तरी उजेड देतीया," तो हळू म्हणाला. आणि एकदम माझ्याकडे संशयानं बघून, "तुम्ही मुद्दाम ठेवलाय काय हा?"

"नाही रे बाबा. आळशीपणा."

तो हसला. दोन वर्षांत घरच्यांनी त्याला हसताना पाहिलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्याच भेटीत मी विचारलं, "आत्ता येतोय का आवाज?" तो म्हणाला, येतोय. "काय म्हणतोय?" तेच म्हणतोय, जाळशील. "बरं. तो येतोय आणि आपण काय करतोय?" तो विचार करून म्हणाला, "आपण बोलतोय." त्या "आणि"वर आम्ही पुढचे दोन महिने काम केलं. घरी तो म्हणायचा, "मला काम करायचंय पण आवाज येतोय." आमच्यात ठरलं की "पण" काढायचा. मला चहा करायचाय आणि आवाज येतोय. मी भाचीला शाळेतून आणतोय आणि आवाज येतोय. आवाजाला त्यानंच नाव ठेवलं, चोक. फोनवर सांगायचा, "आज चोक लई वाजतोय, मॅडम, पण येतो मी." ("पण" आलाच. मी कानाआड केला.)

आवाज नसता तर काय केलं असतंस, हे मी त्याला पहिल्या भेटींतच विचारलं होतं. पैसे, लग्न, बुलेट यातलं काही त्यानं सांगितलं नाही. म्हणाला, बहिणीकडच्या गणपतीला दरवर्षी माळा मी लावायचो, भाची मागं लागायची, मामा लाल-निळी लाव. ते मी जपून ठेवलं होतं. गणपती तोंडावर आले होते. मी आधी त्याच्या डॉक्टरांना फोन केला, कारण गोळ्यांनी गुंगी येत असेल तर शिडी आणि वीज दोन्ही नकोत. ठरलं असं: एलईडीच्या माळा, मेन स्विच बंद, शिडीवर मेव्हणा, अविनाश जमिनीवर.

त्या दिवसाचं त्यानं मला नंतर बारीकसारीक सांगितलं. पक्कड हातात घेतली तसा आवाज वाढला, दोन वर्षांत नव्हता इतका. हात थरथरायला लागले. त्यानं पक्कड खाली ठेवली, पायरीवर जाऊन बसला. आई दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला होता, पण एक शब्द बोलली नाही. त्यानं चहा घेतला, परत आत गेला. पुन्हा बाहेर आला, पुन्हा गेला. तासाभराच्या कामाला चार तास लागले. मेन चालू केला तर एक माळ लागेना. क्षणभर त्याला वाटलं, झालं, जाळली. मग त्यानं मेन बंद करून जोड एकेक करून चाचपले. एका ठिकाणी तार नुसतीच पिळलेली होती. सोलली, नीट पिळली, टेप मारली. तीच काळी टेप. लाल-निळी लागली.

आता त्या आईबद्दल, कारण माझ्या मते खरं काम तिनं केलं.

सुरुवातीला मी तिला म्हटलं होतं, की हे आवाज आहेत ते स्वीकारायला हवं. ती फणकारली. "म्हणजे पदरी पडलं पवित्र झालं म्हणायचं आणि गप बसायचं?" चूक माझी होती. आपल्याकडे "स्वीकार" म्हटलं की बाईमाणसाला पहिल्यांदा नशीबच ऐकू येतं, आणि तिनं ते आयुष्यभर भरपूर ऐकलेलं असतं. तेव्हापासून मी तो शब्द घरच्यांसमोर वापरत नाही. मी म्हणते, सरकून घेणं. भरल्या एसटीत दोघांच्या सीटवर तिसरा येतो, "सरका जरा" म्हणतो. आपल्याला तो आवडत नाही, त्याची पिशवी आपल्या गुडघ्याला टोचते. पण आपण अंग चोरून जागा देतो, कारण आपल्याला आपल्या गावाला पोचायचं असतं. त्याच्याशी भांडायला पाटणला उतरून पडलो तर नुकसान कुणाचं? हे तिला लगेच कळलं.

मग एकदा ती एकटीच आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "ह्याच्या वेळंला गरोदर असताना गिराण लागलं हुतं. मी पाळलं न्हाई. विळीवर भाजी चिरली." मी नीट समजावलं, की ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही, तुम्ही काहीही चुकीचं केलेलं नाही. तिनं मान डोलावली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. "मला माहितीय मॅडम, तसं काय नसतंय. तरी मनात येतंय."

ह्याला माहीत आहे, असं जे मी वहीत लिहिलं होतं, तेच ती आई मला तिच्या तोंडून सांगत होती. पटवून त्याचा आवाज गेला नव्हता, पटवून हिचं ग्रहण सुटत नव्हतं. मी मात्र दर आठवड्याला पटवत होते, कारण माझ्याही आत कुणीतरी बोलत होतं, की एवढ्या वर्षांच्या अनुभवावर तुला एका बाईचा गैरसमज घालवता येत नाही? त्या दिवशी मी तिला विचारलं, ग्रहण मनात आलं की तुम्ही काय करता? ती म्हणाली, माडीवर जाते, तो झोपलाय का बघते, टेप काढते, गोळी घेतली का विचारते, मग आमचं भांडण होतं. "आणि ग्रहण मनात असतानाच दुसरं काही करायचं ठरवलं तर?" तिनं दोन भाकऱ्या जास्त थापल्या आणि शेजारच्या बाईकडे बसायला गेली. गेल्या दोन वर्षांत ती कुणाकडे गेली नव्हती.

ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांनी १९५० च्या दशकापासून एक गोष्ट दाखवून दिली. दवाखान्यातून घरी गेलेल्या माणसाला ज्या घरात सतत टोचून बोललं जातं किंवा त्याच्या अति मागे-मागे केलं जातं, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे घरच्यांमुळे आजार होतो असं अजिबात नाही. आपल्याकडे दोष द्यायला आईच सापडते, म्हणून मुद्दाम सांगते. पण घरातलं बोलणं बदललं की फरक पडतो, आणि ते आपल्या हातातलं आहे.

काय बोलावं, हे मला सगळे विचारतात. मी सांगते, खोटं बोलू नका. "हो हो, मलाही येतोय आवाज" असं म्हणू नका, "काही येत नाही, नाटकं करतोस" असंही नको. "मला ऐकू येत नाही, पण तुला येतोय हे मी मानते. आत्ता फार त्रास होतोय का?" एवढं पुरे. मग विषय आयुष्याकडे वळवा, जेवलास का, येतोस का बाजारात. चहात गोळी विरघळवून देऊ नका. ज्याला आधीच कुणी घात करतंय असं वाटतंय, त्याला एक दिवस ते सापडतं, आणि मग तुमच्यावरचा विश्वास वर्षभर परत येत नाही. गोळ्यांची तक्रार असेल, जडपणा, तोंड कोरडं पडणं, वजन, तर ती डॉक्टरांकडे न्या, बदल करता येतात. माझ्याकडे येऊन गोळ्या सुटतील, या आशेनं येणाऱ्यांना मी दारातच नाही म्हणते.

आवाज कुणाचा आहे, हेही जरा कान देऊन ऐकावं. तान्या लुरमन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्निया, घाना आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी २० जणांशी बोलून तुलना केली. चेन्नईतल्या बऱ्याच जणांना नात्यातल्या माणसांचे आवाज येत होते, अंघोळ कर, स्वयंपाक कर, असं सांगणारे. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. माझ्याकडच्या एका आजीबाईंना सासू ऐकू येते आणि ती दूध उतू जाण्याआधी ओरडते. आजीबाईंना तिची काही तक्रार नाही.

सगळे आवाज मात्र सरकून घेण्यासारखे नसतात. मरून जा, अमक्याला मार, असं आवाज सांगू लागला, दोन-तीन रात्री झोप नाही, जेवण सुटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रात्री-अपरात्री कुणी भेटत नसेल तर १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. जिवालाच धोका दिसत असेल तर फोनवर वेळ न घालवता जवळचा दवाखाना. अविनाशवरही डॉक्टर गाठायची वेळ आली. पुढच्या चैत्रात, गावच्या जत्रेत मित्रांबरोबर जागता यावं म्हणून त्यानं आठ दिवस गोळ्या बंद केल्या. तीन रात्री डोळा लागला नाही आणि आवाज पुन्हा ओरडायला लागला. या वेळी तो स्वतःहून वडिलांना म्हणाला, डॉक्टरकडे चला. डोस बदलला, दाखल व्हावं लागलं नाही.

आता तो मेव्हण्याच्या हाताखाली आठवड्यातून चार दिवस जातो. झोप अजून दहा तास लागते. माडीवरच्या दोन बोर्डांवर टेप आहे, बाकीची त्यानं काढली की गळून पडली, मी विचारलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात तो भेटीची वेळ न घेताच आला. हातात लांबुडकी खोकी, खिशात टेस्टर.

"तो चोक बदला आता, मॅडम. उडंल एक दिवस."

"राहू दे की. सवय झालीय."

"तुम्हाला झालीय. येणाऱ्या पेशंटला कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यानं मेन बंद केला, स्टुलावर चढला, जुनी पट्टी उतरवली आणि एलईडी ट्यूब बसवली. खाली उतरल्यावर मी विचारलं, येतोय का अजून?

"हाय की," तो पक्कड पुसत म्हणाला. "ट्यूबचे दोनशे चाळीस झाले. मजुरी नको."